पहिला डीजे कंट्रोलर घेताना

मित्रा, कंट्रोलर म्हणजे लॅपटॉपला जोडून गाणी एकमेकांत मिसळायचं यंत्र. चार चॅनेलच्या, म्हणजे एकावेळी चार गाणी मिसळणाऱ्या कंट्रोलरच्या मागे आत्ताच लागू नकोस, दोन भरपूर झाले. हेडफोनचं आउटपुट कंट्रोलरवरच आहे ना, हे मात्र आधी बघ. पुढचं गाणं लोकांना ऐकू न देता आपल्या कानात लावून घेता आलं नाही, तर मिक्सिंग शिकणार कसं?

माझं मत विचारशील तर पायोनिअरचा डीडीजे-एफएलएक्स4 घे. यूएसबी केबलवरच चालतो, रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो या दोन्ही डीजे सॉफ्टवेअरवर हात बसतो. बजेट कमी असेल तर हर्क्युलसचा इनपल्स 200.

दुकानात जॉग व्हील (गाणं पुढे-मागे ढकलायची गोल चकती) आणि टेम्पो फेडर (गाण्याचा वेग बदलायची सरकपट्टी) हाताने फिरवून-सरकवून बघच. हळदीला जुनी कोळीगीतं लागतातच, आणि ती बहुतेक क्लिकवर, म्हणजे यंत्राच्या एकसारख्या ठोक्यावर, रेकॉर्ड केलेली नसतात. लय मधेच सरकते, सिंक (दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारं बटण) दाबलेलं असूनही ठोके फाटतात. तिथं जॉगला बोटाने हलका धक्का देऊनच ताल जुळवावा लागतो. म्हणून रोज थोडा वेळ तरी सिंक बंद ठेवून वाजव.

सेकंडहँड मिळत असेल तर क्रॉसफेडर (एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी आडवी सरकपट्टी) पूर्ण एका टोकाला ने आणि दुसऱ्या डेकचा, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या गाण्याचा आवाज झिरपतोय का ते ऐक. उरलेल्या पैशांत कान पूर्ण झाकणारे हेडफोन घे. स्पीकर सध्या घरचेच चालतील.