मन आणि जोखीम : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या अंकासाठी निवडलेल्या पत्रांत पैसा, प्रवास आणि शेती असे निरनिराळे विषय आले असले, तरी सगळ्यांच्या तळाशी अडचण एकच आहे. मन थकले किंवा धास्तावले की धोक्याचा अंदाज चुकू लागतो, आणि चुकलेल्या अंदाजातून ओढवलेला धोका मनाला आणखी थकवतो. पत्रलेखकांची ओळख उघड होऊ नये म्हणून त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा २७ वर्षांचा मुलगा चांगल्या नोकरीत आहे. काही काळापासून तो शेअर बाजारात ऑप्शन्सचे व्यवहार करतो. सुरुवातीला त्याला नफा झाला होता, पण आता डोक्यावर कर्ज झाले असावे. तो रात्री झोपत नाही, जेवताना मोबाइल खाली ठेवत नाही आणि काही विचारले की चिडतो. लहानपणापासून पैपैचा हिशेब ठेवणारा मुलगा इतका बेफिकीर कसा झाला? (एक आई, नाशिक)

तुमचा मुलगा बेफिकीर झाला आहे असे मला वाटत नाही. सावध माणूसही तोट्यात सापडला की मोठी जोखीम घेऊ लागतो, हे डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिले होते, आणि त्या संशोधनाबद्दल कानेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हमखास फायदा समोर असेल तेव्हा बहुतेक माणसे तो पदरात पाडून घेतात. हमखास तोटा सोसण्याची वेळ आली की मात्र तीच माणसे, सगळे भरून निघेल या अंधुक आशेवर, आणखी मोठ्या तोट्याचा धोका पत्करतात. हजार रुपये गमावल्याचे दुःख हजार रुपये मिळाल्याच्या आनंदाच्या साधारण दुप्पट तीव्र असते, आणि ते दुःख आजच्या आज मिटवण्याची घाई माणसाचा हिशेब बिघडवते. त्यात ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने, ठरलेल्या मुदतीत शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क; मुदत जवळ येईल तसतसे त्याचे मोल झिजत जाते, त्यामुळे थांबून, शांतपणे विचार करून चूक सुधारायला हा व्यवहार फारशी सवडच देत नाही.

तुमच्या पत्रात मला सर्वांत काळजीची वाटलेली गोष्ट कर्ज ही नसून त्याचे गप्प होणे ही आहे. आपल्याच अकलेने आपण बुडालो, असे वाटणारा माणूस आधी तोटा लपवतो, मग घरच्यांची नजर चुकवतो, आणि सल्ला देऊ शकतील अशा सगळ्यांपासून दूर गेल्यावर त्याच्याजवळ सोबतीला केवळ पडद्यावरचे हलते आकडे उरतात. झोप कमी होते, चिडचिड वाढते, आणि अशा अवस्थेत दुसऱ्या दिवशीचा सौदा आदल्या दिवशीपेक्षा मोठा होतो. म्हणून त्याच्याशी बोलताना सुरुवात सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या नियामक संस्थेने, सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासापासून करा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स (पुढच्या तारखेचे आगाऊ सौदे) आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. खर्च धरून तो सरासरी माणशी सुमारे २ लाख रुपये होता. हे आकडे त्याला दोष देण्यासाठी सांगायचे नाहीत. जे दहांतल्या नऊ जणांचे झाले तेच त्याचे झाले आहे, हे त्याला कळले तर त्याची लाज थोडी ओसरेल, आणि लाज ओसरल्याशिवाय तो खरा आकडा सांगणार नाही.

खरा आकडा कळल्यावर तो कागदावर लिहून काढा : कोणाचे किती देणे आहे, व्याज किती, हप्ता कधी. त्याचबरोबर व्यवहार थांबवण्याची सोय करा. आपले ट्रेडिंग खाते स्वतःहून काही काळ गोठवण्याची सुविधा ब्रोकरने द्यावी, अशी व्यवस्था सेबीने २०२४ पासून केली आहे. मन स्थिर असताना घेतलेला असा निर्णय मन अस्थिर असतानाच्या घटकेला कामी येतो. तो थांबण्याआधीच दागिने मोडून त्याचे सगळे देणे फेडून टाकू नका. आईच्या मायेतून आलेला तो पैसा नव्या सौद्यात जाण्याचा संभव फार मोठा असतो, आणि त्यानंतर त्याला तुमच्यासमोर उभे राहणे आणखी अवघड होईल.

एक गोष्ट मात्र आजच करा. तो निराशेचे बोलत असेल, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे काही म्हणत असेल, तर जीव देण्याचे विचार मनात येतात का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने असे विचार डोक्यात शिरत नाहीत. उलट कोणीतरी विचारले याचाच अनेकांना आधार वाटतो. उत्तर होकारार्थी असेल तर त्याला एकटे सोडू नका आणि मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन जा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते, तिथे मराठीतही बोलता येते, आणि काय करावे हे तुम्हाला सुचत नसेल तर तुम्ही स्वतःही तिथे फोन करू शकता.

प्रश्न : कामानिमित्त मला आठवड्यातून एकदा छत्रपती संभाजीनगरहून नागपूरला जावे लागते. दिवसभर दुकान पाहून मी रात्री समृद्धी महामार्गाने निघतो. पत्नी फार काळजी करते, पण मला कमी झोपेची सवय आहे आणि गाडी चालवताना कधी पेंग येत नाही. तिला कसे समजवावे? (एक व्यापारी)

समजावण्याची गरज तुमच्या पत्नीला नाही, हे मी आदरपूर्वक पण स्पष्टपणे सांगतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाच्या हालचालींतील अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. आपल्या कायद्यात गाडी चालवणाऱ्यासाठी ही मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. तुम्ही सकाळी सहाला उठून रात्री अकराला स्टिअरिंग हाती घेत असाल, तर मद्याचा थेंबही न घेता तुम्ही ती मर्यादा ओलांडल्यासारखे असता.

‘मला सवय आहे’ हे तुमचे म्हणणे प्रामाणिक आहे, आणि धोका नेमका तिथेच आहे. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही लोकांना दोन आठवडे रोज सहा तासच झोपू दिले. त्यांची सावधानता दिवसेंदिवस ढासळत गेली, पण त्यांना स्वतःला मात्र आपण थोडेसेच पेंगुळलो आहोत असे वाटत राहिले. अपुऱ्या झोपेने क्षमता तर जातेच, शिवाय ती गेल्याची जाणीवही जाते. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सरळ, मोकळा आणि एकसुरी असल्यामुळे थकलेल्या मेंदूला जागे ठेवणारे तिथे फारसे काही नसते. काच खाली करणे किंवा गाणी मोठ्याने लावणे यांचा उपयोग अगदी थोडा आणि थोड्याच वेळापुरता होतो. कॉफी घेऊन लगेच पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटून पडणे त्याहून परिणामकारक असते, कारण कॉफीचा अंमल चढेपर्यंत डुलकीही पूर्ण होते. ही डुलकी महामार्गाच्या कडेला न काढता विश्रांतीस्थळावर गाडी लावूनच काढा. पण तीही तात्पुरती सोय आहे. रात्री घरी झोपून पहाटे निघालात तर दुकानाचे काही तास बुडतील, एवढेच नुकसान होईल, आणि ते सोसण्यासारखे आहे.

प्रश्न : जून २०२५ मधील अहमदाबादच्या विमान अपघाताची दृश्ये पाहिल्यापासून मला विमानात बसणे अशक्य झाले आहे. मुलगी बेंगळुरूला असते. आता आम्ही उभयता पुण्याहून मोटारीनेच जातो. यजमान म्हणतात, हा वेडेपणा आहे. (एक वाचक, पुणे)

तुमच्या भीतीला वेडेपणा म्हणणे मला मान्य नाही. १२ जून २०२५ रोजी त्या विमानातील २४२ जणांपैकी २४१ जणांचा मृत्यू झाला, ती दृश्ये घराघरांत पुन्हा पुन्हा दिसली, आणि एकाच वेळी अनेकांचे प्राण घेणारा, आपल्या हातात काहीही नसणारा धोका माणसाला अधिक भयंकर वाटतो, हे पॉल स्लोविक या संशोधकाने फार पूर्वीच दाखवले आहे. मोटारीत चाक आपल्या माणसाच्या हाती असते, म्हणून ती सुरक्षित वाटते.

भीती खरी असली तरी तिने सुचवलेला मार्ग मात्र अधिक धोक्याचा आहे. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अनेक अमेरिकन नागरिक विमान टाळून मोटारीने प्रवास करू लागले. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांच्या हिशेबानुसार त्यानंतरच्या वर्षभरात या बदलामुळे रस्त्यांवर सुमारे दीड हजार जास्तीचे मृत्यू झाले. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, म्हणजे रोज ४६० हून अधिक. पण हे मृत्यू सुटे सुटे, गावोगाव होतात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन ओळींत संपतात, म्हणून त्यांची धास्ती मनात बसत नाही.

आकडे कळले म्हणून भीती जात नाही, हे मला ठाऊक आहे. विमानाचे तिकीट रद्द केल्याबरोबर जो सुटकेचा निःश्वास टाकला जातो, त्यानेच भीती बळावते, कारण ‘टाळले म्हणून वाचलो’ असा धडा मन घेत राहते. यजमानांनी थट्टा थांबवावी आणि तुम्ही टप्प्याटप्प्याने पुढे जावे : अपघातांच्या चित्रफिती पाहणे बंद करायचे, एकदा मुलीला आणायला विमानतळावर जायचे, मग सोबतीने छोटा, दिवसाचा प्रवास करायचा. प्रत्येक टप्प्यावर छाती धडधडेल. ती शांत होईपर्यंत तिथे थांबायचे, मागे फिरायचे नाही. एवढ्याने जमले नाही तर वर्तनोपचार करणारे मानसशास्त्रज्ञ मदत करू शकतील, कारण या प्रकारच्या भीतीवर उपचारांचा गुण चांगला येतो. तोवर रेल्वेने जा. रात्रीची मोटार मात्र नको.

प्रश्न : मन खंबीर असताना घेतलेला निर्णय योग्यच असतो का? (एक विद्यार्थी, नागपूर)

खंबीर म्हणजे शांत असेल, तर बहुधा असतो. पण रागातही माणसाला आपण खंबीर आहोत असे वाटते. २००१ मधील एका प्रसिद्ध अभ्यासात भ्यालेल्या माणसांना धोके आहेत त्याहून मोठे, तर रागावलेल्यांना ते लहान दिसतात, असे आढळले. नोकरीचा राजीनामा, भांडणातला निर्वाणीचा शब्द, चढ्या वेगात केलेला ओव्हरटेक, हे सारे रागात सोपे वाटते. एक रात्र मध्ये जाऊ देण्याची आपल्याकडची जुनी रीत इथे शास्त्रालाही धरून आहे.

प्रश्न : ऊस कारखान्याला जाऊन तीन महिने झाले, बिल हाती नाही. सोसायटीचे कर्ज आहे, खासगी सावकाराचेही आहे. डोके चालत नाही. साध्या गोष्टी विसरतो, खताचा हिशेब चुकतो. भाऊ म्हणतो, ऊस मोडून डाळिंब लावू, आणखी कर्ज काढू. मी आळशी झालोय की माझी बुद्धीच गेली? (एक शेतकरी, सोलापूर जिल्हा)

दादा, तुमची बुद्धी गेलेली नाही, ती अडकून पडली आहे. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांचा एक अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात त्याच शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी दोनदा घेतली होती : एकदा तोडणीपूर्वी, हात आखडलेला असताना, आणि एकदा तोडणीनंतर, पैसे हाती आल्यावर. माणूस तोच, पण पहिल्या वेळेची कामगिरी लक्षणीय कमी भरली. पैशाची विवंचना मनाचा मोठा हिस्सा सतत व्यापून ठेवते, आणि उरलेल्यात खताचा हिशेबही करायचा असतो आणि मुलीच्या फीचाही. याला आळस म्हणणाऱ्यांनी एकदा थकलेल्या बिलाची वाट पाहून बघावी, असे मला मनापासून वाटते.

म्हणूनच पीक बदलण्याचा निर्णय या महिन्यात घेऊ नका. डाळिंब वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण त्याला भांडवल मोठे लागते, पैसा हाती यायला वेळ लागतो आणि तेलकट डागासारख्या रोगाचे भय असते. इतका मोठा डाव मोकळ्या डोक्याने तोलायला हवा. आधी ओझे उतरेल अशी कामे हाती घ्या. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपीची (केंद्र सरकारने ठरवलेल्या रास्त व किफायतशीर दराची) रक्कम देणे कारखान्यावर बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे लागते. गावातल्या बिल थकलेल्या इतर सभासदांना सोबत घेऊन साखर आयुक्तालयाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी तक्रार करा. सावकाराकडे परवाना आहे का, हे पाहा. नसेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, आणि बेकायदा सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळवण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे.

रोजचे हिशेब काही दिवस वहिनींना किंवा शिकत्या मुलांना लिहायला सांगा. तुमची जबाबदारी कमी करण्यासाठी नव्हे, तर चुका टळाव्यात आणि घरात परिस्थिती सर्वांना ठाऊक असावी म्हणून. तुम्ही पत्र लिहिलेत, म्हणजे अजून बोलू पाहता आहात. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, सगळे सोडून द्यावेसे वाटत असेल, तर वर दिलेल्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा किंवा जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जा. बिल जमा झाल्यावर आणि सावकाराचा निकाल लागल्यावर डाळिंबाचा प्रश्न जमिनीच्या व पाण्याच्या तपशिलासह पुन्हा लिहून पाठवा. कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांकडून त्याचे उत्तर मिळवून ते याच सदरात देऊ.