संस्थेत बक्षीस सुरू करताय? आधी प्रवासबिलं काढा

भावा, तुझ्या सामाजिक संस्थेतल्या कार्यकर्त्यांना 'आदर्श कार्यकर्ता' पुरस्कार आणि पाच हजारांचं पाकीट द्यायचा बेत चांगला आहे. पण जरा दमानं.

आधी पगार. कागलहून रोज एसटीनं येणाऱ्या पोरीचे तिकिटाचे पैसे दोन-दोन महिने अडकत असतील, तर तिला फेटा बांधून काय उपयोग? ग्रँट लांबणार असेल तर आधीच सांगून टाक. निम्म्या कुरबुरी इथंच मिटतात.

मग बक्षीस. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी 1971 मध्ये एका प्रयोगात विद्यार्थ्यांना कोडी सोडवायचे पैसे दिले. पैसे थांबल्यावर त्यांचा कोड्यांतला रस घटला. तोंडी कौतुकानं मात्र तसं झालं नाही. म्हणून घरभेटीमागे पैसे लावू नकोस. भेटी वाढतील, पण रजिस्टरात! आणि नुसतं 'छान काम' म्हणू नकोस. 'पुरात चिखलीच्या आजींच्या बीपीच्या गोळ्या तू आठवणीनं पोचवल्यास', असं सगळ्यांसमोर सांग.

नवे लोक हमखास चुकतात ते इथं:
- बंद दाराआड एकच नाव ठरवणं. बाकीचे सगळे तोंड फिरवतात.
- पगारवाढीऐवजी ट्रॉफी.
- सगळ्यांना तीच शाल.

श्रेणी, मूल्यमापनाचे तक्ते पुढच्या वर्षी बघू. या महिन्यात तेवढी थकलेली बिलं काढ.