हंटिंग लायसन्स संपलं, फौजी रायफली मात्र घरातच

प्रश्न : मी एच-वन-बी व्हिसावर डॅलसजवळ राहतो. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, त्यामुळे जुन्या फौजी रायफलींची ओढ लहानपणापासूनची. गेल्या नोव्हेंबरात टेक्सासचं हंटिंग लायसन्स दाखवून दुकानातून दोन रायफली रीतसर घेतल्या : १९४२ ची मोसिन-नागांत ९१/३० आणि इशापूरच्या कारखान्यातली १९६७ ची टू-ए-वन. ते लायसन्स ३१ ऑगस्टला संपलं, हे आता सप्टेंबरअखेर लक्षात आलं. रायफली आणि काडतुसं घरच्या सेफमध्ये आहेत. सेफचा नंबर पत्नीलाही ठाऊक आहे. ती एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर आहे. काही महिन्यांत ग्रीन कार्डसाठी आय-४८५ भरायचा आहे. एक मित्र अमेरिकी नागरिक आहे, त्याच्याकडे संग्राहकाचं (कलेक्टरचं) लायसन्स आहे. तो म्हणतो, 'तोवर मी माझ्या नावावर मागवतो, तू फक्त पैसे दे.' नवं लायसन्स काढलं की सगळं मिटेल का? आणि संग्रह पुढे कसा वाढवू?

उत्तर : नवं लायसन्स काढल्यावर तुमची बाजू त्या क्षणापासून पुढे सुरक्षित होते. मधला महिना मात्र त्याने पुसला जात नाही. मित्राची सूचना तर साफ नाकारा.

आधी कायदा नीट समजून घ्या. संघीय कायद्याच्या १८व्या शीर्षकातलं कलम ९२२(जी)(५)(बी) सांगतं की नॉन-इमिग्रंट म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याच्या व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगू नये, घेऊ नये, पाठवू नये. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन हे सगळे यात आले. कलम ९२२(वाय)(२) मध्ये थोडे अपवाद आहेत. त्यातला तुमच्यासारख्यांच्या उपयोगाचा एकच : अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं वैध हंटिंग लायसन्स जवळ असणं. प्रत्यक्ष शिकारीला जायची अट नाही. पण हा अपवाद खरेदीच्या दिवसापुरता नाही. रायफल ताब्यात आहे तितके दिवस लायसन्स चालू असावं लागतं. दुकानदाराने बंदूक खरेदीच्या फॉर्म ४४७३ ला तुमच्या लायसन्सची नोंद जोडली, एफबीआयची तपासणी पार पडली, म्हणून कायमची मुभा मिळाली, असा समज इथल्या आपल्या लोकांत फार पसरलेला आहे. १ सप्टेंबरच्या सकाळपासून तुम्ही पुन्हा बंदी असलेल्या वर्गात गेलात.

शिक्षा २०२२ च्या दुरुस्तीनंतर १५ वर्षांपर्यंत आहे. व्हिसाधारकासाठी त्याहून घातक भाग पुढचा. ९२२(जी)(५) खाली दोष सिद्ध झाला, तर इमिग्रेशन कायद्याच्या कलम १०१(ए)(४३)(ई) प्रमाणे तो 'ॲग्रव्हेटेड फेलनी' म्हणजे अतिगंभीर गुन्हा ठरतो आणि त्यातून देशाबाहेर काढलं जाण्यापासून वाचायचे बहुतेक मार्ग बंद होतात. म्हणूनच एका महिन्याच्या चुकीला मी किरकोळ म्हणणार नाही.

बचावाची बाजूही आहे. २०१९ च्या रिहाइफ खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की, हातात बंदूक आहे हे आणि आपण बंदीच्या वर्गात मोडतो हे, दोन्ही आरोपीला ठाऊक होतं असं सरकारने सिद्ध केलं पाहिजे. तो खटला विद्यार्थी व्हिसावर फ्लोरिडात आलेल्या तरुणाचाच होता : कॉलेजातून नाव काढलं गेलं, त्यामुळे इथे राहण्याचा हक्क संपला आणि नंतर तो रेंजवर गोळ्या झाडून आला. लायसन्स संपल्याचं लक्षात नव्हतं, हा मुद्दा तुमचे वकील गेल्या महिन्याबद्दल मांडू शकतील. आता तुम्हाला कळलं आहे, त्यामुळे इथून पुढच्या एकाही दिवसाला तो मुद्दा लागू होणार नाही. घाई करायची ती यासाठी.

आजच जवळच्या स्पोर्टिंग गुड्सच्या दुकानात जाऊन टेक्सासचं निवासी हंटिंग लायसन्स काढा. फी २५ डॉलर आहे. निवासी धरलं जाण्यासाठी टेक्सासात सलग सहा महिन्यांहून जास्त वास्तव्य लागतं. त्याहून कमी असेल तर अनिवासी लायसन्स घ्यावं लागतं आणि ते बरंच महाग पडतं. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीसाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. नुसतं लायसन्स विकत घ्यायला तो आड येत नाही. छापील लायसन्स हातात येईपर्यंत सेफ उघडू नका, रेंजवर जाऊ नका आणि रायफली गाडीत घालून 'सोडवायला' कुठेही नेऊ नका, कारण नेणं हाही ताबाच. रेंजवर भाड्याने मिळणारी बंदूक हातात घेणंही त्यातच मोडतं. काडतुसं वेगळी ठेवली म्हणून सुटका नाही. कलमात त्यांचाही उल्लेख आहे.

पत्नीचा प्रश्न तुम्ही जाता जाता लिहिला आहे, पण तो तेवढाच मोठा आहे. सेफचा नंबर ज्याला ठाऊक, त्याला हवं तेव्हा बंदूक काढता येते, आणि कायदा यालाही ताबा मानतो. पावतीवर तिचं नाव नाही याने फरक पडत नाही. एक तर तिचंही हंटिंग लायसन्स काढा आणि दरवर्षी नवं करा, नाही तर नंबर बदलून तो फक्त स्वतःकडे ठेवा. घरात मुलं असतील तर टेक्सासच्या पीनल कोडचं कलम ४६.१३ आहेच : भरलेली बंदूक निष्काळजीपणे ठेवली आणि ती १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली, तर पालकावर गुन्हा नोंदवला जातो.

आता आय-४८५. या अर्जात अटक झाली नसली तरी कधी एखादा गुन्हा केला आहे का, असा सरळ प्रश्न असतो. खोटं 'नाही' लिहिलं आणि पुढे उघड झालं, तर खोट्या माहितीवरून लागणारी बंदी आयुष्यभर मागे लागते. उलट, घाबरून स्वतःच सगळं लिहून दिलं तर जो गुन्हा सिद्ध करायला सरकारला कष्ट पडले असते, त्याची कबुली आयती हाती जाते. हे उत्तर तुम्ही एकट्याने ठरवू नका. संघीय फौजदारी खटले लढवणारा एक वकील आणि इमिग्रेशनचा एक वकील, दोघांना अर्जापूर्वी एकत्र बसवा. इमिग्रेशनचा वकील तुमच्या स्वतःच्या पैशाने नेमलेला असावा. कंपनीचा वकील बहुतेक वेळा कंपनीचंही प्रतिनिधित्व करतो, त्यामुळे त्याच्याशी बोललेलं कंपनीपासून लपून राहील याची खात्री नसते. एचआरला, व्हॉट्सॲप ग्रुपवर, महाराष्ट्र मंडळातल्या मित्रांना यातलं काही सांगू नका. स्वतःच्या वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय राहतं, मित्रांशी झालेलं राहत नाही. एटीएफला, म्हणजे बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या संघीय खात्याला, आपणहून पत्र लिहू नका.

वकिलाने रायफली सध्या काढून टाकायला सांगितलं, तर नवं लायसन्स हातात आल्यावर परवानाधारक दुकानात विका किंवा विक्रीसाठी ठेवा, आणि दोन्हींचे सिरियल नंबर लिहिलेली पावती घ्या. परिचितालाही देता येतात, पण तो टेक्सासचाच रहिवासी हवा आणि स्वतः बंदीच्या वर्गात नसावा. २०१५ च्या हेंडरसन निकालाचं तत्त्व इथे धरून चाला : दिलेल्या बंदुकीवर तुमचा कसलाही ताबा उरता कामा नये. 'तुझ्याकडे ठेव, किल्ली माझ्याकडे' ही व्यवस्था त्यात बसत नाही.

मित्राच्या सूचनेवर दोन कायदे एकदम लागू होतात. दुसऱ्याच्या पैशाने, दुसऱ्यासाठी, स्वतःच्या नावावर बंदूक घेणं हा 'स्ट्रॉ पर्चेस'. घेणारा आणि घ्यायला लावणारा दोघं अडकतात. २०१४ च्या अब्राम्स्की खटल्यात एका माजी पोलिसाने काकांसाठी पिस्तूल घेतलं होतं. काकांना ते स्वतः घ्यायला कायद्याची काहीच आडकाठी नव्हती, तरी खरा खरेदीदार कोण हे खोटं लिहिलं म्हणून शिक्षा कायम राहिली. २०२२ पासून यासाठी स्वतंत्र कलम ९३२ आहे : बंदीतल्या माणसासाठी बंदूक घेतली तर १५ वर्षांपर्यंत कैद. शिवाय बंदीतल्या माणसाला जाणूनबुजून बंदूक देणं हा कलम ९२२(डी) खाली मित्राचा वेगळा गुन्हा. तो प्रेमापोटी सुचवतो आहे हे खरं, पण त्याचं लायसन्स आणि तुमचं ग्रीन कार्ड दोन्ही एका पार्सलपायी पणाला लागतील.

हे सगळं मार्गी लागलं की संग्रहाचा सरळ रस्ता तुम्हालाही मोकळा आहे. मित्राकडे आहे ते 'क्युरिओ ॲन्ड रेलिक' (जुन्या, संग्राह्य बंदुकांचं) म्हणजे टाइप ०३ लायसन्स. फॉर्म ७सीआर भरायचा, फी ३० डॉलर, मुदत तीन वर्षं, अर्जाची एक प्रत स्थानिक पोलीसप्रमुखाला पाठवायची. बोटांचे ठसे किंवा फोटो लागत नाहीत. नॉन-इमिग्रंट अर्जदाराने हंटिंग लायसन्सची प्रत जोडायची असते. मग पात्र रायफल दुसऱ्या राज्यातूनही थेट घरी मागवता येते आणि फॉर्म ४४७३ लागत नाही. तुमच्यासाठी धोका नेमका इथेच आहे. दुकानात दर खरेदीला कुणीतरी तुमचं हंटिंग लायसन्स मागतो. टाइप ०३ वर ते विचारणारं कुणी उरत नाही. टेक्सासची नवी लायसन्सं दरवर्षी १५ ऑगस्टला विक्रीला येतात आणि जुनी ३१ ऑगस्टला संपतात. या पंधरवड्यात नवं लायसन्स घ्यायचं, त्या वेळी पुण्यात सुट्टीवर असलात तरी. तुम्ही भारतात असताना टेक्सासच्या सेफमधल्या रायफली तुमच्याच ताब्यात धरल्या जातात.

क्युरिओ म्हणून पात्र ठरायला रायफल बनून किमान ५० वर्षं झालेली हवीत, प्रतिकृती नको, आणि ती मूळ रूपात हवी. तुमच्या दोन्ही बसतात. १९६७ ची इशापूर २०१७ सालीच पन्नाशीची झाली. टू-ए-वनचं उत्पादन पुढच्या दशकातही चालू होतं, म्हणून दुसरी घेताना पकडीच्या वरच्या कड्यावर ठोकलेलं साल आधी वाचा. मूळ रूपाची अट फार जण विसरतात. लाकूड कापून हलकी केलेली, नळी आखूड केलेली, दुर्बिणीसाठी भोकं पाडलेली रायफल संग्राहकाच्या नजरेतून उतरतेच, शिवाय क्युरिओचा दर्जाही गमावू शकते. स्टॉकला सँडपेपर लावू नका. त्याने कारखान्याचे आणि फौजेचे शिक्के जातात. कॉस्मोलिन (गंज टाळायला फासलेलं घट्ट ग्रीस) उन्हात किंवा मिनरल स्पिरिटने सावकाश उतरवा.

इशापूरच्या बाबतीत एक गोंधळ घातक ठरतो. टू-ए-वन ७.६२ नाटोसाठी घडवलेली आहे आणि दिसायला .३०३ च्या नंबर वन मार्क थ्री या जुन्या ली-एनफिल्डसारखी. ओळख मॅगझिनवरून पटते : टू-ए-वनचं जास्त चौकोनी असतं. काडतूस विकत घेण्याआधी नळीवरचा शिक्का वाचा आणि गनस्मिथकडून हेडस्पेस, म्हणजे काडतुसामागची जागा, मोजून घ्या. जुन्या रायफलींचे बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारे सरकते दांडे) अदलाबदल झालेले असतात आणि दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसला की काडतुसामागची जागा वाढून पितळी केस फुटू शकते. बोल्ट आणि रिसीव्हर (बोल्ट बसतो तो मुख्य सांगाडा) यांवरचे नंबर जुळतात का, हे म्हणूनच पाहायचं. किमतीचा विचार त्यानंतर.

मोसिनसाठी मिळणाऱ्या जुन्या रशियन काडतुसांच्या प्रायमरमध्ये (दारू पेटवणाऱ्या टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असतं. गोळी सुटल्यावर त्याचं क्षार बनून नळीत राहतं, हवेतली ओल ओढतं आणि गंज धरतो. नुसत्या तेलाने ते निघत नाही. त्याच दिवशी गरम पाण्याने नळी आणि बोल्टचं डोकं धुवा, कोरडं करा, मग तेल लावा.

टाइप ०३ मिळाल्यावर नोंदवही ठेवणं बंधनकारक आहे. रायफल आली की पुढच्याच कामकाजाच्या दिवसअखेरपर्यंत बनवणारा, आयातदार, मॉडेल, सिरियल नंबर, कॅलिबर, तारीख आणि कुणाकडून आली हे लिहायचं. दिली तर सात दिवसांत. आयात झालेल्या मोसिनवर आयातदाराने कधी कधी नवा नंबर ठोकलेला असतो. बिलावरचा नंबर आणि नळीवरचा नंबर वेगळे दिसले तर दोन्ही नोंदवा. चोरी झाली तर ४८ तासांत एटीएफला आणि पोलिसांना कळवायचं. नफ्यासाठी सतत घेणं-विकणं या लायसन्सवर चालत नाही. तो धंदा ठरतो आणि त्याला वेगळा परवाना लागतो.

नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात जायची वेळ आली, तर घर हलवण्याच्या किमान ३० दिवस आधी एटीएफकडे पत्ता बदलाचा अर्ज द्या आणि त्या राज्याचा कायदा आधी तपासा. न्यू जर्सीत लांब बंदूक विकत घ्यायला ओळखपत्र लागतं, इलिनॉयमध्ये नुसती बाळगायलाही एफओआयडी कार्ड (बंदूकधारकाचं राज्याचं ओळखपत्र) लागतं. टेक्सासचं हंटिंग लायसन्स तुम्हाला संघीय बंदीतून वाचवतं, त्या राज्यांच्या अटींतून नाही.