आधी घंटा ऐक

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. अमेरिकेतल्या उद्योगांच्या इतिहासावरच्या तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. कार्नेगीचं पोलाद, रॉकफेलरचं तेल, रेल्वेचे मैल, सगळं जागच्या जागी आहे. पण पहिल्या वीस पानांत एकही माणूस सकाळी उठून कामाला जात नाही. ते खटकलं, म्हणून लिहितो आहे.

सुरुवात लोवेलपासून कर. मॅसॅच्युसेट्समधलं मेरिमॅक नदीकाठचं हे शहर 1820 च्या दशकात कापडगिरण्यांसाठीच वसवलं गेलं. माग चालायचे नदीच्या पाण्यावर आणि मागांवर असायच्या न्यू इंग्लंड या अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या शेतकऱ्यांच्या मुली. त्यांना पहिल्यांदाच स्वतःच्या हातात पगार मिळाला, बोर्डिंगात मैत्रिणी मिळाल्या, संध्याकाळी व्याख्यानं ऐकता आली. हे लिहायला कचरू नकोस. गिरणी म्हणजे नुसता नरक असं रंगवलंस, तर त्या मुली घर सोडून तिथे का गेल्या हे तुलाच उलगडणार नाही.

पण त्यांचा दिवस गिरणीच्या घंटेच्या ताब्यात गेला. शेतावरही कष्ट होतेच, पण तिथे काम ऋतूप्रमाणे कमी-जास्त व्हायचं. घंटेला ऋतू नव्हता. मी लालबागच्या चाळीत वाढलो. वडील कापडगिरणीच्या साचा खात्यात होते. पहिला भोंगा झाला की आई डबा भरायला घ्यायची आणि आम्हा मुलांची झोपही त्याच भोंग्याला मोडायची. म्हणून कुठल्याही कारखान्याचा इतिहास हातात आला, की मी पगाराच्याही आधी तास शोधतो.

1845 चं प्रकरण मुळातून वाच. दिवसाला दहाच तास काम असावं, असा अर्ज लोवेलच्या कामगारांनी राज्याच्या विधिमंडळाकडे केला होता. सारा बॅगली ही त्यांची पुढारी. मतदानाचा हक्क नसलेल्या या बायका विधिमंडळाच्या समितीपुढे साक्षीला उभ्या राहिल्या. त्यांच्यातल्या एलायझा हेमिंग्वेने सांगितलं, की उन्हाळ्यात पहाटे 5 ते संध्याकाळी 7 काम; मध्ये न्याहारीला अर्धा तास, जेवणाला पाऊण तास. तिच्या कामाच्या खोलीत दीडशेच्या आसपास माणसं होती, त्यांत 12 मुलं. अंधारात काम करायचं तेव्हा तिथे 293 लहान आणि 61 मोठे दिवे जळायचे. तेवढ्या दिव्यांच्या धुरात श्वास घ्यायचा! तिने दिवे मोजून ठेवले होते, हे मला फार मोठं वाटतं. समितीचे काही सदस्य लोवेलला जाऊन आले, त्यांना गिरण्यांभोवतीची हिरवळ आणि झाडं दिसली. तास जास्त आहेत हे त्यांनी नाकारलं नाही, पण उपाय आपल्या हातात नाही असं म्हणून अर्ज बाजूला ठेवला. स्त्रिया आणि मुलांसाठी दहा तासांचा कायदा त्या राज्यात झाला 1874 मध्ये. तोवर एक पिढी संपली.

आणखी एक गोष्ट तुझ्या आराखड्यात नाहीच. लोवेलच्या मागावर चढणारा कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला असे. त्यांच्यासाठी ना दहा तास, ना पगार. हे तळटीपेत ढकलू नकोस. अमेरिकेच्या यादवी युद्धात हाच कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा मुंबईच्या बाजारात पैशाचा पूर आला आणि 1865 मध्ये युद्ध संपताच ओसरलाही. त्यावर स्वतंत्र प्रकरण होईल, आत्ता नको.

लॉरेन्स हे गिरण्यांचं शहर मात्र सोडू नकोस. लोवेलपासून फार दूर नाही. 1912 च्या जानेवारीत कायद्याने स्त्रिया आणि मुलांचा आठवडा 56 तासांवरून 54 वर आला. मालकांनी तेवढाच पगारही कापला. पाकीट उघडल्यावर पोलिश विणकर बायकांनी माग थांबवले आणि थोड्याच दिवसांत वीस हजारांहून जास्त कामगार, कितीतरी वेगवेगळ्या भाषांचे, रस्त्यावर आले. संपात मुलांचे हाल नकोत म्हणून त्यांना न्यूयॉर्कला सहानुभूतीदारांच्या घरी पाठवू लागले. तर फेब्रुवारीत पोलिसांनी स्टेशनवरच आयांना आणि मुलांना मारहाण केली. मार्चमध्ये मालक नमले. कामाचे तास कमी करणारा कायदा पगार राखल्याशिवाय टिकत नाही, हे इथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

फोर्डच्या मोटार कारखान्याचं तू लिहिलंयस, ते ठीक आहे. फक्त त्याने कामगारांचा रोज 5 डॉलर केला, त्याच्या आधीचं वर्ष बघ. फिरत्या पट्ट्यामुळे गाडीचा सांगाडा साडेबारा तासांऐवजी 93 मिनिटांत जोडून होऊ लागला आणि माणसं इतकी सोडून जाऊ लागली, की 1913 मध्ये कामगार सोडून जाण्याचं प्रमाण 370 टक्के झालं, म्हणजे एकेका जागेवरून वर्षात सरासरी तीन-चार माणसं गेली. ते 5 डॉलर औदार्यापेक्षा या गळतीवरचा उपाय होता, असं माझं मत आहे. तुला वेगळं वाटलं तर पुरावा दे, मी बदलेन.

पहिलं प्रकरण नव्याने लिहून दिवाळीपूर्वी पाठव. सुरुवात त्या 293 दिव्यांपासून कर. कार्नेगी तिसऱ्या प्रकरणापर्यंत थांबेल.

तुझा,
सर