ओट्सचा पाव करताना पिठाचा डबा लांब ठेवा

मागच्या अंकात ओट्सच्या पावाबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या, की मैद्यात भिजवलेले ओट्स घातले तर पाव मऊ होतो आणि जास्त दिवस मऊ राहतो. प्रमाणबिमाण काही दिलं नव्हतं, चूक माझीच. मग काय, बऱ्याच जणींनी (आणि जणांनी, यावेळी पुरुष वाचकांची पत्रं चांगलीच आलीत) अंदाजाने करून बघितला आणि अर्ध्या पत्रांत एकच रडगाणं, म्हणून आधी त्याचंच घेते.

प्रश्न: ताई, ओट्सवर गरम पाणी ओतून भिजवले, मग मैदा घालून मळायला घेतलं तर सगळं हाताला चिकटायला लागलं. मी थोडं थोडं पीठ टाकत गेले, जवळजवळ दीड वाटी जास्तीचं गेलं. तेव्हा कुठे गोळा जमला पण पाव झाला विटेसारखा. काय चुकलं?

ते दीड वाटी पीठ चुकलं, बाकी सगळं बरोबर होतं!

काय होतं बघा, ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचं विरघळणारं फायबर असतं आणि पाणी मिळालं की त्याची जेलीसारखी बुळबुळीत लापशी होते. हे पाणी ओट्स एकदम पीत नाहीत, हळूहळू पितात, भिजवल्यावरही पीत राहतात आणि मळून झाल्यावरही पीत राहतात. म्हणजे तुम्ही मळायला घेता तेव्हा जे पाणी मोकळं आहे ते अर्ध्या तासाने मोकळं राहणार नसतं. तुम्ही त्या पहिल्या पाच मिनिटांच्या चिकटपणाला घाबरून पीठ टाकलंत, मग ओट्सनी नंतर पाणी ओढून घेतलं, आणि हातात राहिला तो कोरडा घट्ट गोळा.

एका ९ बाय ५ इंचाच्या ब्रेड टिनसाठी मी असं घेते: १०० ग्रॅम रोल्ड ओट्स, त्यावर २५० मिली उकळतं पाणी, ४०० ग्रॅम मैदा, ८० मिली दूध, ३० ग्रॅम बटर, ३० ग्रॅम मध, ९ ग्रॅम मीठ आणि ६ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. साधं ॲक्टिव्ह ड्राय यीस्ट असेल तर साडेसात ग्रॅमच्या आसपास घ्या, ताजं ओलं यीस्ट असेल तर १८ ग्रॅम. हे सगळं वजन करून घ्या हो, वाटीने नको, कारण वाटीत मैदा दाबून भरला की हलक्या हाताने भरला यावर तीसचाळीस ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि मग तुम्ही मला पत्र लिहिता.

ओट्स गार झाले की बटर आणि मीठ सोडून बाकीचं सगळं त्यात घाला, कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत नुसतं कालवा आणि झाकून ठेवून द्या. वीस मिनिटं. हात लावू नका, गॅसजवळ दुसरं काही काम काढा. वीस मिनिटांनी तोच गोळा बघा, मघाशी बोटाला लोंबकळत होता तो आता भांड्याच्या कडेपासून सुटायला लागलेला असतो. मग मीठ आणि बटर घालून आठदहा मिनिटं मळा. तरीही थोडा चिकटणारच, ओट्सची कणीक शेवटपर्यंत किंचित ओशट चिकट राहते, तिला तशीच राहू द्यायची. हाताला पाणी किंवा तेल लावा. पिठाचा डबा मात्र झाकण लावून दुसऱ्या खोलीत, मी खरंच तसं करते कारण मळताना हात आपोआप डब्याकडे जातो.

प्रश्न: रोल्ड, इन्स्टंट आणि स्टील-कट यातले कुठले ओट्स? माझ्याकडे इन्स्टंट आहेत.

रोल्ड सगळ्यात बरे. इन्स्टंट म्हणजे आणखी पातळ लाटलेले, ते भिजले की पार विरघळतात, पाव मऊ होतो पण मधेमधे दाताखाली येणारा ओट्सचा कण मिळत नाही. चालतात, २५० मिलीऐवजी पाणी २३० घ्या आणि लागलं तर वाढवा. स्टील-कट म्हणजे नुसते कापलेले दाणे, त्यांच्यावर उकळतं पाणी ओतून रात्रभर ठेवावं लागतं नाहीतर पावात खडे लागल्यासारखं वाटतं. आणि फ्लेवर्डवाली पाकिटं, ज्यात साखर मीठ मसाला आधीच असतो, ती नकोच, यीस्टचं आणि मिठाचं सगळं गणित बिघडतं.

प्रश्न: पाव दिसायला छान झाला पण चवीला कडवट. यीस्ट जास्त झालं का?

यीस्ट जास्त झालं तर आंबूस वास येतो, कडवटपणा सहसा जुन्या ओट्सचा असतो. ओट्समध्ये गव्हापेक्षा तेल बरंच जास्त असतं आणि त्याच दाण्यात ते तेल फोडणारं एन्झाइमही असतं, म्हणून कारखान्यात ओट्स आधी वाफवून ते एन्झाइम मारतात आणि मग लाटतात. तरी पाकीट उघडून महिनोन् महिने पडलं की हवेने तेल खवट होतंच. चमचाभर ओट्स कोरडेच चावून बघा, कळेल लगेच. तसे निघाले तर ते पाकीट पावात घालू नका, टाकवत नाही म्हणून घालतो आपण आणि मग अख्खा पाव टाकावा लागतो.

प्रश्न: कणीक तीन तास झाले तरी हलली नाही, यीस्ट नवीनच होतं.

एक विचारू? ओट्स किती गार केले होते?

कारण हे माझंही झालंय. खोलगट भांड्यात ओट्स भिजवले होते, वीसेक मिनिटांनी वरून बोट लावलं तर कोमट लागले, म्हटलं झालं, आणि यीस्ट टाकून कालवलं. कालवताना मधला भाग वर आला तेव्हा अक्षरशः चटका बसला. भिजलेले ओट्स उष्णता धरून बसतात, वरचा थर गार आणि पोटात आग. यीस्ट ५५ ते ६० अंश सेल्सिअसला मरतं, आणि माझं त्या दिवशी मेलंच, चार तास मी त्या भांड्याभोवती घिरट्या घालत होते आणि गोळा होता तिथेच. तेव्हापासून मी ओट्स पसरट ताटात भिजवते, अर्ध्या तासात सगळीकडून सारखे गार होतात. थर्मामीटर असेल तर ४० च्या खाली आल्यावरच यीस्ट घाला, नसेल तर अगदी तळापर्यंत बोट घालून बघा, नुसतं वरवर नको.

आणि दुसरी शक्यता म्हणजे कणीक मेलेली नसते, गारठलेली असते. खोलीत २७ अंश असेल तर तासा-सव्वातासात दुप्पट होणारी कणीक २० अंशात अडीच तास घेते. त्यामुळे घड्याळ बघू नका, भांड्यावर रबरबँड लावून खूण करा आणि ती कुठवर चढली ते बघा. मेलेल्या यीस्टची कणीक वाचवता येते बरं का, नवं ६ ग्रॅम यीस्ट दोन चमचे कोमट पाण्यात विरघळवून त्यातच मळून घ्या, टाकून नका देऊ.

प्रश्न: फोटो पाठवतोय. वरून मस्त ब्राऊन, पण कापल्यावर तळाशी बोटभर ओलसर पट्टी. १८० अंशावर ३० मिनिटं भाजला, गरम गरमच कापला.

फोटो बघितला. पट्टी अगदी काचेसारखी चमकतेय, सुरीलाही लगदा लागलाय. यात दोन चुका एकात एक अडकल्यात.

पहिली, ३० मिनिटं कमी पडली. या कणकेत पाणी भरपूर, त्यामुळे ओट्सच्या पावाला साध्या पावापेक्षा जास्त वेळ लागतो, १८० ते १९० अंशावर ४० ते ४५ मिनिटं धरा. मधामुळे वरचा रंग लवकर येतो आणि आपण फसतो, २५ मिनिटांनी वर फॉइलचं सैल झाकण टाका आणि भाजत राहा. पाव मधोमध ९३ ते ९६ अंशापर्यंत तापला म्हणजे झाला. टिन खालच्या रॅकवर, ओव्हनला वर-खाली दोन्ही रॉड असतील तर दोन्ही चालू, आणि पंखा चालू असेल तर तापमान २० अंश कमी. थर्मामीटर नसेल तर पाव टिनमधून काढून बुडाला टिचकी मारा, पोकळ आवाज यायला हवा, आणि बूड फिकट आणि मऊ वाटलं तर टिनशिवायच पाच मिनिटं परत आत ढकला, काही बिघडत नाही.

दुसरी चूक, गरम कापलात. मला माहितीये, तो वास सुटल्यावर थांबणं म्हणजे शिक्षाच आहे. पण ओव्हनमधून बाहेर आल्यावरही पाव आतून शिजत असतो, वाफ हळूहळू बाहेर पडत असते आणि मऊ पडलेला स्टार्च गार होताना घट्ट बसत असतो. त्याआधी सुरी घातली की चांगला भाजलेला पावसुद्धा कच्चा दिसतो. जाळीवर ठेवा, टिनमध्ये नाही, टिनमध्ये ठेवला तर तीच वाफ बुडाला पाणी होऊन बसते. निदान दोन तास. घरात कोणी हावरट असेल तर त्याच कणकेचा मुठीएवढा गोळा वेगळा भाजा, तो अर्ध्या तासात खायला मोकळा.

प्रश्न: मधोमध खड्डा का पडतो? ओव्हनमध्ये जाताना तर टिनच्या बराच वर आला होता.

बराच वर आला होता हेच कारण! दुसऱ्यांदा फुगवताना टिनच्या काठावर जेमतेम एक इंच आला की आत ढकला. गव्हातलं ग्लूटेन हे जाळं असतं, त्यात गॅस अडकतो म्हणून पाव फुगतो. ओट्समध्ये तसं जाळं धरणारं प्रोटीन नसतं, उलट ओट्सचे कण त्या जाळ्यात मधेमधे येतात, त्यामुळे ते मैद्याच्या पावाइतकं ताणलं जात नाही. ओलं बोट हळूच अर्धा इंच दाबून बघा. खड्डा सावकाश, अर्धवट भरून आला तर वेळ झाली. टुणकन भरला तर अजून थांबा, आणि भरलाच नाही तर उशीर झालाय. उशीर झाला असेल तर टिनमधून काढून परत हलकेच वळा आणि पुन्हा फुगवा, ओव्हनमध्ये जाऊन सुधारेल अशी आशा ठेवू नका.

प्रश्न: मैदा नकोच, १०० टक्के ओट्सचा पाव होईल का? आणि हा ग्लूटेन-फ्री असतो ना? कोलेस्टेरॉलसाठी पण खायचा आहे.

तीन प्रश्न एका दमात!

नुसत्या ओट्सचा असा फुगलेला, वळलेला पाव होत नाही, वर सांगितलं तेच, जाळं नाही. केकसारखं ओतून करायचे प्रकार असतात पण तो वेगळा पदार्थ झाला. पिठाच्या चौथ्या हिश्शाएवढे ओट्स इथपर्यंत मी जाते, त्यापुढे पाव बसायला लागतो. मैदा कमी करायचा असेल तर अर्धा मैदा अर्धं गव्हाचं पीठ घ्या, दूध वीसतीस मिली वाढवा, पाव थोडा ठेंगणा होईल पण चव मला तरी हीच जास्त आवडते.

ग्लूटेन-फ्री मुळीच नाही, यात ४०० ग्रॅम मैदा आहे हो. सीलिॲक (ग्लूटेन न सोसणारा आतड्याचा आजार) असणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. साध्या ओट्समध्येही शेतात किंवा गिरणीत गहू मिसळलेला असू शकतो, आणि सीलिॲक असलेल्या काहींना ओट्सचं स्वतःचं प्रोटीनही सोसत नाही, म्हणून त्यांनी ओट्ससुद्धा डॉक्टरला विचारूनच खावेत.

कोलेस्टेरॉलचं गणित करूनच दाखवते. दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन घ्यावं असं सांगतात. १०० ग्रॅम ओट्समध्ये ते साधारण ४ ग्रॅम असतं आणि या पावाचे १६ स्लाइस होतात, म्हणजे एका स्लाइसमध्ये पाव ग्रॅम, म्हणजे रोज १२ स्लाइस, बटर न लावता. त्यापेक्षा वाटीभर ओट्स शिजवून खा आणि पाव आवडतो म्हणून खा, औषध म्हणून नको.

प्रश्न: वरती लावलेले ओट्स कापताना सगळे गळून पडतात.

कोरड्या कणकेवर भुरभुरले तर पडणारच. वळलेला रोल ओल्या फडक्यावरून एकदा फिरवा, मग ताटात पसरलेल्या ओट्सवरून लोळवा आणि मग टिनमध्ये ठेवा. थोडे तरी पडतातच, त्याला इलाज नाही.

प्रश्न: एवढा मोठा पाव, घरात दोघंच. फ्रिजमध्ये ठेवला तर दुसऱ्याच दिवशी कडक.

फ्रिजमुळेच कडक झाला. पाव शिळा होतो म्हणजे नुसता वाळत नाही, त्यातला स्टार्च परत घट्ट होतो आणि फ्रिजच्या ४ अंशात ते बाहेरच्यापेक्षा लवकर होतं. बाहेर डब्यात किंवा पिशवीत ठेवा, ओट्समुळे तीनचार दिवस मऊ राहतो, मात्र हवा दमट असेल तर बुरशीवर लक्ष ठेवा. राहिलेला पहिल्याच दिवशी, पूर्ण गार झाल्यावर, स्लाइस करून फ्रीझरमध्ये टाका, मधे बटर पेपरचे तुकडे ठेवले तर एकेक सुटा निघतो. तसाच गोठलेला टोस्टरमध्ये घालायचा. फक्त बटण नेहमीपेक्षा एक घर खाली ठेवा, मधामुळे हा पाव बघता बघता काळा पडतो, माझे पहिले दोन स्लाइस तसेच गेले.