लग्नाच्या शूटमध्ये सोनी आणि कॅननचे रंग जुळत नाहीत. दाविंची रिझॉल्व्हमध्ये (व्हिडिओ एडिटिंग आणि रंगसुधारणेचं सॉफ्टवेअर) काय करावं?

‘शॉट मॅच’ (दोन क्लिपांचे रंग आपोआप जुळवणारा पर्याय) वापरूनही सोनीच्या क्लोजअपमध्ये नवरी हिरवट-पिवळी आणि कॅननच्या वाइडमध्ये गुलाबी दिसते, असं तुम्ही लिहिलंय. तो पर्याय अख्खी फ्रेम बघतो. एकीत निम्मा लाल मांडव, दुसरीत नुसता चेहरा, मग तो जुळवणार तरी काय? हातानेच करा.

मी लग्नंच एडिट करतो, म्हणून तिथलंच सांगतो. ज्या कॅमेऱ्यावर चेहरे जास्त, तो मुख्य धरा. तो आधी नीट करा, त्याची स्टिल (तुलनेसाठी जपलेली फ्रेम) गॅलरीत ठेवा आणि दुसरा त्याच्यामागे आणा. दोन्ही थोडे थोडे ओढत बसलात तर पहाट होईल. सोनीचं फुटेज एस-लॉग३ मध्ये (सोनीचं फिकट दिसणारं रेकॉर्डिंग) असेल तर कलर स्पेस ट्रान्सफॉर्म या इफेक्टने ते रेक. ७०९ मध्ये, म्हणजे नेहमीच्या टीव्ही-स्क्रीनच्या रंगांत आणा. नेटवरच्या फुकट एलयूटी (रंग बदलणाऱ्या तयार फाइली) सध्या राहू द्या.

मग एक्स्पोजर. बहुतेक जण आधी टेम्परेचरला हात घालतात आणि तिथेच फसतात, कारण अंधारलेला चेहरा रंगानेही वेगळाच वाटतो. वेव्हफॉर्मवर (उजेड किती ते दाखवणारा आलेख) कपाळाची उंची दोन्हीकडे सारखी झाली की निम्मा फरक आपोआप जातो.

आता व्हाइट बॅलन्स. ग्रे कार्ड कुणी धरलं नसणारच, पण आपल्याकडे अंतरपाट असतो! मंगलाष्टकांच्या वेळी तो दोन्ही कॅमेऱ्यांत सापडतोच. क्लिप तात्पुरती झूम करून फ्रेममध्ये फक्त कापड ठेवा (कुंकवाचं स्वस्तिक टाळून) आणि परेड (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा आलेख) उघडा. कापड खरंच पांढरं असेल तर लाल, हिरवा, निळा एका उंचीला यायला हवेत; गेनने (उजळ भाग बदलणारं चक्र) आणा. पण पुष्कळदा ते मळकट क्रीम असतं. त्याला जबरदस्तीने पांढरं करू नका. मुख्य कॅमेऱ्यात तिन्ही पट्ट्यांत जेवढा फरक दिसतो, तेवढाच दुसऱ्यात आला की झालं. अंतरपाट रंगीत निघाला तर मुंडावळ्यांचे मोती किंवा भटजींचं उपरणं बघा. नंतर झूम काढा, हे सांगायला नको.

त्वचेसाठी व्हेक्टरस्कोपवरची (रंगाची छटा आणि गडदपणा दाखवणारा गोल आलेख) स्किन टोनची रेघ चालू करा. माणूस गोरा असो की सावळा, चेहरा साधारण त्या रेघेच्या आसपास पडतो. हळदीचा कार्यक्रम मात्र याला अपवाद. तिथे चेहरा पिवळ्याकडे झुकणारच. ओढून रेघेवर आणलात तर हळदच गायब होईल. तिथे फक्त दोन कॅमेरे एकमेकांशी जुळवा. एवढं करूनही हिरवा चुडा एकीकडे पोपटी आणि दुसरीकडे निळसर दिसला, तर ह्यू व्हर्सेस ह्यू कर्व्हने (एका रंगाची छटा बदलणारी रेघ) फक्त हिरवा सरकवा.

हॉलमध्ये एका बाजूला पिवळे हॅलोजन आणि दुसरीकडे पांढरे एलईडी असतील तर पूर्ण जुळणी होणार नाही. चेहरा जुळवा, मागची भिंत सोडून द्या. पाहुणे भिंत बघत नाहीत.

आणि कॅमेरामनने व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला असेल तर एकाच क्लिपमध्ये रंग सरकत जातो. तिथे कीफ्रेम (वेळेनुसार सेटिंग बदलणाऱ्या खुणा) लावण्यापेक्षा मी सरळ क्लिप तोडतो आणि प्रत्येक तुकडा वेगळा करतो. पुढच्या शूटला दोन्हीकडे केल्विन (व्हाइट बॅलन्सचा आकडा) हाताने सेट करायला सांगा. आकडा सारखा ठेवला तरी दोन कंपन्यांचा रंग तंतोतंत येत नाही, पण फरक शेवटपर्यंत एकसारखा राहतो, म्हणजे एकदा केलेला ग्रेड (रंगसुधारणा) बाकीच्या क्लिपांवर कॉपी करता येतो.