कोटाभरू

‘क्वोटा क्विकी’ला, म्हणजे ठरवून दिलेला कोटा भरण्यासाठी घाईघाईने काढलेल्या स्वस्त ब्रिटिश चित्रपटाला, मराठीत काय म्हणावं, ‘बी ग्रेड चित्रपट’ चालेल का, असा प्रश्न आलाय. माझ्या मते चालणार नाही. बी ग्रेड म्हटलं की दर्जा ठरवून आपण मोकळे होतो. हा शब्द मात्र एका कायद्याच्या पोटातून आलाय.

ब्रिटनमधल्या पडद्यावर तेव्हा हॉलिवूडचं राज्य होतं. म्हणून १९२७च्या कायद्याने वितरक आणि थिएटरवाले दोघांनाही ठरावीक प्रमाणात ब्रिटिश चित्रपट घेणं सक्तीचं केलं. थिएटरांसाठी ते प्रमाण ५ टक्क्यांपासून चढत २० टक्क्यांवर गेलं. अमेरिकी वितरक कंपन्यांनी मग आपला कोटा भरायला तिथेच स्वस्तातले चित्रपट भराभर काढून घ्यायला सुरुवात केली. भाव साधारण फुटाला एक पौंड. ९० फूट फिल्म म्हणजे एक मिनिट, तेव्हा ६००० फुटांचा तासाभराचा चित्रपट ६००० पौंडांत. कापड वारावर घ्यावं तसा सिनेमा फुटावर!

आता शब्द. ‘कोटापट’ सुचतो, पण तो कानाला ‘दसपट-शंभरपट’सारखा लागतो. ‘भरतीपट’ ऐकून पोलीसभरती आठवेल. ‘खोगीरभरती’ अर्थाच्या फार जवळ जाते, पण त्यात माल टाकाऊ असल्याचं गृहीतच धरलंय, आणि तिथे अन्याय होतो. पुढे नावाजलेला ब्रिटिश दिग्दर्शक मायकेल पॉवेल याच कामावर घडला. त्याचा १९३६चा ‘क्राउन व्हर्सेस स्टीव्हन्स’ घ्या. सावकाराचा खून झालेला, तिथून निघणारी बाई एका कारकुनाला दिसते, आणि पुढे ती त्याच्याच मालकाची बायको निघते. तासाभरात एवढं घट्ट विणलेलं गुन्हेनाट्य खोगिरात कोंबायचं नसतं.

मला ‘कोटाभरू’ पटतो. ‘पोटभरू’, ‘गल्लाभरू’ आपण रोज बोलतो, त्यामुळे घडण ओळखीची आहे. शिवाय ‘गल्लाभरू’शेजारी ठेवला की खरा फरक उजेडात येतो: गल्लाभरूला प्रेक्षक लागतो, कोटाभरूला तो नसला तरी चालतं, कायद्याचा आकडा भरला की झालं. घाईची छटा त्यात येत नाही, हे खरं. ती हवी तिथे ‘कोटाभरू चित्रपट उरकले’ म्हणावं. ‘उरकणे’इतकं नेमकं क्रियापद दुसरं मिळणार नाही.

नाम आणि विशेषण दोन्ही म्हणून तो चालतो, अनेकवचनातही बदलत नाही. आणि ‘कोट्याचे चित्रपट’ लिहिताना शाब्दिक कोट्यांशी जी गल्लत होते, तीही टळते.